ओवाळणीचे तबक आणि हक्कसोडपत्र

जात्यावरच्या ओव्यांतले बहीणभावाचे प्रेम 'निर्व्याज' असते, हे वाक्य मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्यांच्या किती पिढ्यांनी उत्तरपत्रिकेत लिहिले असेल, याची मोजदाद करणे अवघड आहे. मी ते विद्यार्थिनी असताना लिहिले, शिक्षिका झाल्यावर फळ्यावर लिहिले आणि परीक्षक म्हणून त्याला गुणही दिले. निर्व्याज, निरपेक्ष, निःस्वार्थ या तीन विशेषणांपैकी एक तरी आल्याशिवाय लोकगीतांतील भाऊबिजेवरचे टिपण पुरे होत नाही, अशी आपल्या विभागांतून रीतच पडून गेली आहे. माझे म्हणणे असे, की ही विशेषणे चुकीची आहेत. ती ढिली किंवा भावुक आहेत एवढ्यापुरता हा आक्षेप नाही. ओव्यांत जे उघड गायलेले आहे त्याच्या ती नेमकी उलट आहेत. आणि इतकी उलट असूनही ती टिकली, याचे कारण वाङ्मयात नाही, वाङ्मयाबाहेर आहे.

'निर्व्याज' हा शब्दच घ्या. संस्कृतात व्याज म्हणजे मिष, बहाणा, कपट. म्हणून निर्व्याज ते निष्कपट. मराठीत मात्र शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही व्याज म्हटले की सावकार आठवतो. जी बाई पहाटे जाते ओढत होती तिला पहिला अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुसरा तिला पुरेपूर ठाऊक होता. आपण पहिल्या अर्थाने तिच्या प्रेमाचे कौतुक केले आणि दुसऱ्या अर्थाने तिच्याकडून ते वसूल केले. बहिणीने भावाकडे ठेवलेले मुद्दल तिला परत मिळत नाही. त्यावर वर्षाकाठी एक खण येतो, आणि तोही भावजयीची मर्जी असेल तर.

आता ओव्यांकडे वळू. साने गुरुजींचा 'स्त्रीजीवन' हा संग्रह आपल्या बहुतेक ग्रंथालयांत असतो. पुढे गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर भरलेला तो संग्रह आता 'पारी'च्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणांसह कोणालाही पाहता-ऐकता येतो. म्हणजे सामग्रीची वाण नाही. या सामग्रीत भाऊ हा विषय केवढा तरी पसरलेला आहे. बाळाच्या आणि विठ्ठलाच्या खालोखाल या बायकांनी भावाला गायले आहे. भाऊ चंद्रासारखा आहे, भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, त्याच्या घोड्याची टाप दुरून ओळखू येते, त्याला वाढायला काय काय केले आहे: हे सगळे आहे, आणि ते सुंदर आहे. त्याच्या सौंदर्याबद्दल माझा कोणाशीही वाद नाही.

परंतु त्याच ओव्यांत, त्याच गळ्यातून, दुसरे काही सतत येत राहते, आणि आपण निवडक ओव्यांचे उतारे तयार करताना ते कात्रीने वगळतो. भाऊ यंदा आला नाही. भाऊ आला, पण भावजयीला विचारल्याशिवाय त्याने पेटी उघडली नाही. लुगडे घेतले, पण हलक्या पोताचे. भाऊ बाजारात दिसला आणि मान वळवून गेला. आईबाप होते तोवर माहेर होते. आता घर भाच्यांचे. या ओव्यांना आपण 'तक्रारीच्या ओव्या' असे नाव देऊन वेगळ्या मथळ्याखाली टाकतो, जणू त्या दुसऱ्याच कोण्या बाईने म्हटल्या आहेत. वस्तुतः ही बेरीज एकाच खात्यावरची आहे. चंद्राची उपमा आणि लुगड्याचा पोत यांत जो तोल सांभाळला जातो, तोच या ओव्यांचा खरा विषय आहे. ज्या माणसावर आपले म्हातारपण, आपले बाळंतपण, नवऱ्याने टाकले तर परतण्याचा दरवाजा अवलंबून आहे, त्याच्याशी बोलताना भाषा कशी वापरावी, याचे इतके बारीक भान क्वचित कुठल्या मराठी वाङ्मयात सापडेल.

आणि त्यात एक ओवी पुन्हा पुन्हा येते, निरनिराळ्या पाठांतून. तिचा आशय असा: शेताचा वाटा मला नको, घराचा नको, वर्षाला एक चोळी दिलीस तरी मी सुखी आहे. निरपेक्षतेचा पुरावा म्हणून हीच ओवी आपण वर्गात दाखवतो. गंमत अशी, की वाङ्मयाचे शिक्षक म्हणून आपण इतरत्र नकाराला इतके भोळेपणाने कधीच वाचत नाही. 'मला राग आलेला नाही' असे पात्र म्हणाले, की राग कुठे आहे ते आपण शोधू लागतो. मग 'मला वाटा नको' याच वाक्यापुढे आपली समीक्षा हात जोडून का उभी राहते? जे मनात आलेच नाही ते कोणी नाकारत नाही. ज्या काळात मुलीला जमिनीत कायद्याने हक्क नव्हता, त्या काळात ही बाई हक्क नाकारते आहे. म्हणजे जातिरिवाजाने किंवा कायद्याने काही असो, तिच्या लेखी वाटा होता. तो कोणाकडे आहे हे तिला माहीत होते, आणि तो मागितला तर काय गमवावे लागेल तेही माहीत होते. ओवी निरपेक्ष नाही. ओवीत सौदा आहे, आणि सौद्यातली दुबळी बाजू तो करते आहे.

हा अर्थ मी वरून लादते आहे असे कोणाला वाटेल. लादण्याचे कारण नाही. आपली परंपरा या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ स्पष्टवक्ती होती. यास्काच्या 'निरुक्ता'च्या तिसऱ्या अध्यायात कन्येला दाय मिळतो की नाही यावर रीतसर चर्चा आहे: मुलगा आणि मुलगी यांत भेद न करता दोघेही दायाद, असा एक पक्ष, मुली दायाद नव्हेत, असा दुसरा. त्याच ओघात ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली, औरस पुत्राने बहिणीला वारसा ठेवला नाही अशा अर्थाची ऋचा येते. भाऊ नसलेल्या मुलीचा प्रश्नही तिथेच आहे. अशा मुलीशी लग्न करू नये, असे मनुस्मृती सांगते, कारण तिचा मुलगा तिच्या बापाचा वारस ठरण्याचे भय. आपल्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते, आणि मुले चंद्राला मामा म्हणतात. आपण त्यात काव्य पाहतो. काव्य आहेच, पण बिनभावाची बहीण ही हजारो वर्षे मालमत्तेच्या दृष्टीने अवघड बाब होती, हे ठाऊक असले तर त्या ताटातला दिवा जरा वेगळा दिसतो.

याज्ञवल्क्यस्मृतीने वाटणीच्या वेळी भावांनी आपापल्या अंशातून अविवाहित बहिणींना चौथा हिस्सा द्यावा असे म्हटले, आणि त्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात बसून 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ठामपणे सांगितले, की हा खरोखरचा हिस्सा आहे, लग्नापुरता खर्च असा त्याचा अर्थ लावता येणार नाही. बाराव्या शतकाच्या आगेमागे ज्याला हा मुद्दा वाद घालण्याइतका महत्त्वाचा वाटला, त्याच्या नावाने चालणाऱ्या कायद्याखाली आपल्या आज्यांना काही मिळाले नाही हा भाग निराळा. सांगायचे एवढेच, की शास्त्री, स्मृतिकार आणि टीकाकार बहीणभावाच्या नात्यात मालमत्ता पाहत होते. ती पाहायची नाही हे सोवळे नंतरचे आहे, आणि ते पाळण्यात आधुनिक मराठी समीक्षा आघाडीवर आहे.

यमद्वितीयेची कथाही या नजरेने एकदा वाचून पाहावी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला यम-यमी संवाद बाजूला ठेवू. परंपरेने तो बाजूला ठेवून त्या जागी जेवणाचे ताट मांडले, ही गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. पुराणकथेत यम बहिणीकडे जेवायला जातो. 'निर्णयसिंधू'सारख्या ग्रंथांतही त्या दिवशी पुरुषाने आपल्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचे खावे आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत असेच सांगितले आहे. म्हणजे कथेतल्या यमुनेला स्वतःचे घर आहे. दार तिचे, स्वयंपाकघर तिचे, पाहुणा तो. आपल्या ओव्यांत मात्र बहीण मुराळ्याची वाट पाहते आणि माहेरी जाण्यासाठी सासरच्यांची परवानगी काढते. नदीला जे मिळाले ते बाईला मिळाले नाही.

साहित्याच्या पानावर कायद्याची कलमे आणणे काहींना रुचणार नाही, परंतु दोन-तीन तारखा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हिंदू कोड बिलाला जो विरोध झाला त्यात मुलीला वाटा दिल्यास भाऊबहिणीच्या प्रेमात विष कालवले जाईल, हा युक्तिवाद मोठ्या जोराने केला गेला. (हेच 'निर्व्याज'चे संसदीय रूप.) बिल रखडले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वारसा दिला, पण सहदायादाचा जन्मसिद्ध हक्क दिला नाही. त्या कायद्यात तेविसावे कलम होते, ते मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. राहत्या घराची वाटणी पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करायचे ठरवीत नाहीत तोवर स्त्री वारसाला मागता येणार नाही. आणि त्या घरात राहण्याचा हक्क मुलीला केव्हा, तर ती अविवाहित, नवऱ्याने टाकलेली, नवऱ्यापासून विभक्त किंवा विधवा असेल तेव्हा. माहेर या संकल्पनेवर आपण जे ललित लिहिले आहे त्या सगळ्याचा हा कायदेशीर अनुवाद आहे: सुखात असलेल्या मुलीला माहेर नाही. हे कलम २००५ साली वगळले गेले. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, मुलीला सहदायाद केले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५च्या दुरुस्तीने लग्नाची अट काढली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा आज ओवीतली बाई उठून आली तर तिला 'वाटा नको' म्हणताना खराखुरा, सातबाऱ्यावरचा वाटा सोडावा लागेल.

आणि ती तो सोडते. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

वडील गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारी, मी आणि माझी धाकटी बहीण तालुक्याच्या गावी जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून आलो. दादाने ते मागितले नव्हते. त्याने फक्त एवढेच विचारले होते, "सुट्टी आहे तर कागदाचं उरकून घ्यायचं का?" कोणता कागद हे त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. वारसनोंदीत आमची नावे 'इतर हक्क' या रकान्यात लागली होती. त्याच रकान्यात वर सोसायटीच्या कर्जाचा बोजा. दस्त लिहिणारे गृहस्थ सत्तरीचे होते. त्यांनी आमच्याकडे पाहून सहज म्हटले, "दिवाळीनंतरचे आठ दिवस आम्हाला उसंत नसते. बहिणी आलेल्या असतात ना." बाहेर बाकावर आणखी तीन कुटुंबे होती. बायकांच्या अंगावर नवी लुगडी होती.

मी व्यवसायाने संहिता वाचणारी आहे, म्हणून सही करण्यापूर्वी तो कागद वाचला. त्यात लिहिले होते, की लिहून देणार यांनी लिहून घेणार यांच्यावरील नैसर्गिक प्रेमापोटी, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, विनामोबदला आपला हक्क कायमचा सोडला आहे. मी दोनदा वाचले. त्याच वर्षी जूनमध्ये मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला ओव्यांतील भाऊबहीण शिकवताना जे टिपण दिले होते, त्यातले 'नैसर्गिक प्रेम', 'स्वेच्छा', 'निरपेक्ष' हे सगळे शब्द या कागदात, कमीअधिक फरकाने, त्याच क्रमाने होते. दस्तलेखकाने समीक्षा वाचली नव्हती आणि समीक्षकांनी दस्त वाचला नव्हता. तरीही गद्य एकच होते.

सही करताना मला काय वाटले, तर काही वाटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दादाशी माझे भांडण नव्हते, आजही नाही. आईचे दुखणे त्याने आणि वहिनींनी काढले. वाईट वाटले ते नंतर, परतीच्या एस्टीत, आणि तेही जमिनीचे नाही. पंधरा वर्षे मी ज्या ओवीचा अर्थ चुकीचा सांगत आले तिचा बरोबर अर्थ मला माझ्या सहीने कळावा, याचे.

यावर नेहमीचे आक्षेप येतील, त्यांतले दोन विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की हे सगळे अर्थशास्त्र झाले. माणसे एकमेकांवर प्रेम करतातही की नाही? करतात. प्रेम नाही असे मी कुठेही म्हटलेले नाही. प्रेम आणि परावलंबन एकाच ताटात वाढलेले असताना एकाचीच चव सांगणे ही खोटी समीक्षा, एवढेच माझे म्हणणे आहे. बीना अग्रवाल यांनी 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' या १९९४च्या ग्रंथात दक्षिण आशियातल्या बायका जमिनीवरचा हक्क भावासाठी का सोडतात याची जी मीमांसा केली आहे, तिच्यात प्रेमाला जागा आहेच. पण संकटकाळी माहेरचे दार उघडे राहावे म्हणून भरलेला तो हप्ता आहे हेही तिथे स्वच्छ मांडलेले आहे. विमा उतरवणारा माणूस विमा कंपनीवर प्रेम करत नाही. इथे करावे लागते, हा या नात्याचा पेच. ओवीतले काव्य त्या पेचातून जन्मते. पेच काढून टाकलात, तर हाती उरते शुभेच्छापत्र.

दुसरा आक्षेप हुंडा आणि लग्नखर्च यांचा: बहिणीला तिचा वाटा लग्नात मिळालेला असतो. हा युक्तिवाद ऐकताना प्रत्येक वेळी विज्ञानेश्वराची आठवण होते. त्याने तो आधीच खोडलेला आहे. शिवाय हुंडा घेणे १९६१पासून गुन्हा आहे, आणि तो जातो सासऱ्याच्या हातात. भावाच्या लग्नातही मांडव पडतो, त्याच्या वाट्यातून कोणी मांडवाचे भाडे वजा करत नाही. यापेक्षा अधिक वेळ या आक्षेपाला देण्याची गरज नाही.

माझी खरी तक्रार आपल्याच गोटाशी आहे. स्त्रीवादी समीक्षेने ओवीला आवाज म्हणून ऐकायला शिकवले, हे तिचे मोठे काम. तारा भवाळकरांसारख्या अभ्यासकांनी लोकसाहित्यातल्या बाईचा आत्मस्वर दाखवून दिला नसता, तर आपण अजून ओव्यांत केवळ 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' पाहत बसलो असतो. पण वर्गात आपण त्या शिकवणीचे काय केले? सासूवरची ओवी आली की आपण तीत बंड वाचतो, नवऱ्यावरची आली की कोंडमारा वाचतो, सवतीवरची आली की पितृसत्ता हा शब्द उच्चारतो. भावाचे पान उलगडले की मात्र आपला आवाज हळवा होतो. सासर हे शोषणाचे ठिकाण आणि माहेर हे सुखाचे, ही वाटणी आपण ओव्यांतून उचलली आणि सिद्धांत म्हणून परत ओव्यांवर लावली. ज्या माणसाकडे तिचा वाटा आहे, तो एकटा त्या सगळ्या चौकशीतून सुटला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, तेव्हा शेकडो गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली; ती गोष्ट मोठीच होती. पण तिथेही देणारा नवरा होता. बहिणीच्या नावे सातबारा करणाऱ्या भावांची मोहीम कोणत्याही चळवळीने काढल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

या हळवेपणाला लोकप्रिय संस्कृतीने जे खतपाणी घातले त्याबद्दल थोडे. 'माहेरची साडी' (१९९१) या चित्रपटावर पुष्कळ विनोद झाले आहेत, त्यांत भर घालत नाही. त्याहून कितीतरी खोल गेले ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटातले द्रौपदीच्या बंधूचे गाणे. कृष्णाचे बोट कापते, चिंधी हवी असते; सख्ख्या बहिणीला, सुभद्रेला, भारी वस्त्र फाडवत नाही, आणि मानलेली बहीण द्रौपदी पीतांबर फाडून देते. प्राथमिक शाळेत हे गाणे ऐकून माझे डोळे भरून येत. आता वाटते, बहिणीची परीक्षा ती स्वतःचे काय फाडते यावर आपण कशी सहज घेतली! भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ही बोटाची कथा नाही. म्हणजे ती नंतर कोणाला तरी हवीशी वाटली. सुभद्रेची बाजू आजवर एकाही कीर्तनकाराने मांडलेली मी ऐकलेली नाही. तिच्याकडे ते एकच लुगडे माहेरचे असेल, हीदेखील शक्यता आहे.

आणि ही भाषा घरात राहती तरी ठीक होते. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना शासन वेतन देत नाही, 'मानधन' देते. दिवाळीला बोनस देत नाही, 'भाऊबीज भेट' देते. अलीकडच्या वर्षांत ती दोन हजार रुपये आहे. शब्द पाहा. बोनस हा कामगाराचा हक्क, त्यासाठी कायदा आहे, संप करता येतो. भावाने ताटात काय टाकले यासाठी बहिणीने संप करायचा नसतो. याच सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. २०२४ साली राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली, महिना दीड हजार रुपयांची. ज्या बाईच्या हाती स्वतःचे म्हणून कधी काही आले नाही तिला त्या दीड हजाराचे मोल काय असते, हे न कळण्याइतकी मी शहरी नाही; त्या पैशावर नाक मुरडणाऱ्यांची मला चीड आहे. मुद्दा नावाचा आहे. नागरिक म्हणून मिळणारी रक्कम मोजता येते, वाढवून मागता येते, थांबली तर जाब विचारता येतो. लाडक्या बहिणीने मात्र ओवाळायचे असते, आणि जे पडेल ते डोळे न उघडता घ्यायचे असते. शेजारच्या मध्य प्रदेशातही २०२३ साली याच नात्याने योजना आली होती. राज्यकर्त्यांना ही भाषा सापडली ती आपल्याच पाठ्यपुस्तकांतून. भाऊबिजेत हिशेब नसतो, हे आपणच तर शिकवले.

बहीणभाऊ म्हटल्यावर मराठीत दुसरे काही नव्हतेच असेही नाही. ताटीचे अभंग आपण अभ्यासक्रमात ठेवतो, पण भाऊबिजेच्या संदर्भात कोणी त्यांचे नाव काढत नाही. थोरला भाऊ जगावर रुसून दार लावून बसला आहे आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्याला संतपणाचे शास्त्र ऐकवते आहे. तिच्या हातात तबक नाही. तिला त्याच्याकडून काही घ्यायचे नाही, त्याच्या आयुष्याचे दानही मागायचे नाही. त्याने दार उघडावे आणि कामाला लागावे, एवढेच तिचे मागणे आहे, आणि ते ती अधिकाराने मागते. परंपरेत चांगदेव तिचा शिष्य. त्या घरात मालमत्ता नव्हती. भिक्षेवर वाढलेल्या त्या चार भावंडांत सोडायला कोणाकडेच काही नव्हते. निर्व्याज हा शब्द वापरायचाच असेल तर तो तिथे वापरावा. तिथे तो दोन्ही अर्थांनी खरा आहे. पण आपण त्या अभंगांना 'बोधपर' म्हणतो आणि निर्व्याज हा शब्द राखून ठेवतो जातेवालीसाठी, जिच्याकडून काहीतरी घ्यायचे होते.

गेल्या सत्रान्त परीक्षेत मी प्रश्न घातला होता: 'वाटा नको' या आशयाच्या ओवीचे विश्लेषण करा. बहुतेक उत्तरे अपेक्षेप्रमाणेच आली, काही माझ्याच जुन्या टिपणांतून, माझ्याच शब्दांत; त्यांना गुण नाकारण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता, मी दिले. एका मुलीने मात्र अर्धे पानच लिहिले होते. तिने लिहिले होते, की ही ओवी म्हणणाऱ्या बाईला कोणीतरी आधी विचारले असावे, नाहीतर ती नको कशाला म्हणेल. आमच्या आत्याला कोणी विचारले नव्हते, तिचा अंगठा घेतला. पुढे खाडाखोड होती आणि उत्तर संपले होते. मी दहापैकी सात दिले. फेरतपासणीत ते चारावर आले, आणि समासात लाल शाईने शेरा होता: 'निर्व्याज प्रेमाचा उल्लेख नाही.'